नाव, गाव, शब्द

लाइट येईपर्यंत बसा निवांत. तुमच्या मशीनला काही होत नाही, ते माझ्या बॅटरीवर आहे. माणिकपुरात संध्याकाळी लाइट गेली की अर्धा तास धरूनच चालायचं. एवढा दिवा पुरेल आपल्याला.

मघाशी तुम्ही विचारलंत, "मॅडम, जुन्यातलं सगळं नव्यात येतं ना?" हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतं. पूर्वी मी मान वरही न करता म्हणायचे, "सगळं येतं." आता जरा थांबते. का थांबते, ते सांगते. तेवढाच वेळ जाईल.

बाहेरच्या पाटीवर नाव आहे ती ज्ञानदा मीच. पुष्कळांना वाटतं आत कोणी पुरुषमाणूस बसलेला असेल आणि पाटीवर बायकोचं नाव असेल. तर तसं नाही. गेली एकोणीस वर्षं मी हेच करते. विंडोजवरून मॅकवर, मॅकवरून विंडोजवर, लोकांचं सामान एका कॉम्प्युटरमधून उचलायचं आणि दुसऱ्यात नीट लावून द्यायचं. लग्नाचे फोटो, थिसिस, गेलेल्या माणसांचे व्हिडिओ. माझ्या हातून आजवर काही हरवलेलं नाही. फुशारकी नाही, चौकशी करा.

मागच्या ऑक्टोबरची गोष्ट. सकाळी शटर वर करत होते, तेवढ्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. नाव दिपिका. आई उमेळ्याला एकटी राहते, म्हणाल्या. वडील हरेश्वर टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचा जुना विंडोजचा कॉम्प्युटर घरात आहे.

"आमच्याकडे सगळे मॅकच वापरतात," त्या म्हणाल्या. "मी एक नवा मॅक मिनी घेऊन उमेळ्याला ठेवलाय. बाबांचं सगळं काम त्यावर घालून द्याल का? महिनाअखेरीला घर रिकामं करायचंय, तिथे बिल्डिंग होतेय. आई माझ्याकडे येणार आहे. पण बाबांचा कॉम्प्युटर घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणते."

"मग आहे तोच घेऊन जा की."

"त्याची हार्ड डिस्क टकटक वाजते."

टकटकणारी डिस्क म्हणजे पिकलं पान. "आज दुपारी जाते," म्हटलं.

"दुपारी... दोनच्या आत पोचाल का?" त्या जरा अडखळल्या. "दोननंतर आई कुणाला त्या खोलीत जाऊ देत नाही. तुम्ही सांभाळून घ्या तिला."

म्हाताऱ्या माणसांच्या वेळा असतात. कुणाची पोथीची, कुणाची झोपेची. मी मनावर घेतलं नाही.

साडेबाराला उमेळ्यात पोचले. रस्त्याला लागून नव्या बिल्डिंगा, आणि त्यांच्या पाठी अजून थोडी केळी, थोडे माड, मध्येच एखादं कौलारू घर. हरेश्वरांचं घर मात्र स्लॅबचं, नव्वद सालाच्या आसपासचं, गुलाबी रंग उडालेला. पश्चिमेला अगदी कुंपणाला खेटून सोळा मजल्यांचा टॉवर उभा होता. पुढे खाजणाची, खाडीच्या खाऱ्या जमिनीतली भातशेती होती तिथे आता त्याचं पार्किंग.

दारात दिपिकांची आई, जिजाकाकी उभ्या होत्या. बारीक अंगाच्या, सत्तरीच्या, हातात मिसरीची डबी.

"आलीस बाय? ये. पानी पी आदी. उन्हाची आलीस."

पाणी पिऊन मी आतल्या खोलीत गेले. एक टेबल, त्यावर तो जुना काळा कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्डवर घरी शिवलेलं कापडाचं झाकण. टेबलासमोर हरेश्वरांची खुर्ची, आणि तिच्यासमोर आणखी एक, प्लास्टिकची. कुणाची मुलाखत घ्यायची असावी अशी मांडणी. भिंतीवरच्या खिळ्याला एक माइक लटकत होता, त्याची वायर नीट गुंडाळून रबर लावलेली.

"हे बोलीचा कोश करत होते," काकी दारातूनच म्हणाल्या. "आमचे जुने शब्द. आता पोरं नाय ना बोलत. म्हातारी मानसं घरी आनायची, तिथं बसवायची, एकेकाकडनं शब्द बोलवून घ्यायचा. हे रिटायर झाले तवापासून तेच खूळ."

मी मशीन चालू केलं. डिस्क खरोखरच टकटकत होती. मधेच थांबायची, पुन्हा दोन टक्. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला, घरातला टेबलफॅन आणून वारा थेट डिस्कवर सोडला. गरम डिस्क लवकर मरते. मग नवा मॅक मिनी उघडला, माझ्या बॅगेतला छोटा स्क्रीन त्याला लावला, दोन्ही मशीनांमध्ये वायर जोडली. माझ्यासाठी रोजचंच काम.

हरेश्वर फार शिस्तीचे असावेत. एकच मोठा फोल्डर, त्यात आवाजाच्या फाइली, प्रत्येकीला क्रमांक. दोन हजार तीनशे अकरा. सोबत एक लांबलचक लेख, त्यात क्रमांकासमोर शब्द आणि अर्थ. लेख जुन्या मराठी फाँटात टाइप केलेला. तो फाँट नव्या मशीनवर गेला की सगळी अक्षरं कचऱ्यासारखी दिसतात. त्यावर माझ्याकडे उपाय आहे, दहा मिनिटांत कोश स्वच्छ वाचता येऊ लागला. 'उघाडी : बांधाचं पाणी सोडायचं दार.' 'भांग : भरतीला जोर नसतो ते दिवस.' 'आगोट : पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायचं सामान.' मी देशावरची, लग्न होऊन इकडे आलेली. वाचायला मजा वाटत होती.

एक गोष्ट तेव्हाच दिसली. कोशात सतराशे चाळीस शब्दच लिहिलेले होते. पुढच्या फाइलींचा आवाज होता, पण त्यांच्यापुढे काहीच टाइप केलेलं नव्हतं. म्हटलं, राहून गेलं असेल बिचाऱ्यांचं.

फाइली सरकत होत्या. मी सवयीप्रमाणे मधल्या काही वाजवून बघू लागले. प्रत्येक रेकॉर्डिंगचा साचा एकच. आधी हरेश्वरांचा शांत, टेलिफोनवाल्यासारखा आवाज: "नाव?" मग समोरचं माणूस नाव सांगतं. "गाव?" उत्तर. "शब्द?" मग तो शब्द, दोनदा. संपलं. तीन प्रश्नांपलीकडे हरेश्वर एक अक्षर जास्त बोलत नाहीत.

अशा पंधरावीस ऐकल्या. मग सोळाशेच्या पुढची एक लावली.

"नाव?"

"पारवती."

"गाव?"

"उमेळा. पाटलांची."

"शब्द?"

म्हातारीने शब्द सांगितला, तो मला नीट कळला नाही, कारण मागून मोठा गोंगाट येत होता. टाळ्या, घंटा, कुणीतरी शंख फुंकतंय, आणि थाळ्या... शेकडो थाळ्या बडवल्याचा आवाज.

"पारूआत्या ती," काकी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "यांची आत्या."

"गोड आवाज आहे. आहेत अजून?"

"नाय गो. दिपीच्या लगनाच्या आदी दोन वर्षं वारली."

दिपिकाचं लग्न दोन हजार तेराला झालं होतं, त्यांनी फोनवर सांगितलं होतं. मी फाइलची तारीख बघितली. बावीस मार्च, दोन हजार वीस. हसले. जुन्या मशीनमध्ये बटणाएवढा एक सेल असतो. तो संपला की मशीनला तारीख कळेनाशी होते, काहीही आकडा टाकतं. अशा चुका मी रोज बघते. घड्याळ तपासलं. मिनिटाला मिनिट बरोबर होतं.

मग त्या थाळ्या डोक्यात शिरल्या.

तुम्हालाही आठवत असेल. लॉकडाऊनच्या आधीचा तो रविवार, संध्याकाळचे पाच, सगळा देश बाल्कनीत उभा राहून थाळ्या बडवत होता. तसा आवाज त्याच्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही फारसा नाही. अकरा साली वारलेली बाई त्या आवाजात बोलत होती.

मी खुर्ची मागे सारून स्वयंपाकघराच्या दारात गेले. "काकी, थाळ्या वाजवल्या त्या दिवशी घरात कोण आलं होतं?"

काकींनी मिसरीची डबी बंद केली. "कोन येनार? कुनाला येऊ देत होते का? मी मागच्या पडवीत ताट वाजवत होते. आत आले तर हे कुनाशी तरी बोलत होते. मना वाटलं, फोनवर." मग म्हणाल्या, "जी मानसं जिती होती ती संपली, बाय. ज्यांचे शब्द घ्यायचे राहिले होते, ती मग यायला लागली. यांनी मना सांगितलेलं. मी काय बोलनार? येतात, बसतात, शब्द देतात, जातात. कुनाला तरास नाय."

"आणि काका गेल्यावर?"

"आता त्यांनाबी मानूस बोलवायला सोपं झालं."

हे त्यांनी अगदी साध्या सुरात सांगितलं. दूधवाला आता सकाळऐवजी संध्याकाळी येतो, असं सांगावं तसं.

मी परत टेबलाशी आले. घाबरले होते का? खरं सांगते, नाही. मला वाटलं, बाई एकटी आहे, नवऱ्याचे आवाज ऐकत बसते, तारखांचा घोळ झालाय. कोणीतरी जुनी फाइल थाळ्यांच्या आवाजाबरोबर मिसळलीही असेल. मी शेवटच्या फाइलींच्या तारखा बघायचं ठरवलं. सगळ्यात शेवटची आदल्या दिवशीची होती. दुपारी दोन वाजून सदतीस मिनिटं. त्याच्या आदल्या दिवशीची, दोन वाजून अकरा. हरेश्वरांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि सतराशे चाळीसनंतरच्या सगळ्या फाइली त्या दोन वर्षांतल्या, आठवड्याला पाच-सहा.

आवाज होता. लिहिलेलं काही नव्हतं. टाइप करायला हात लागतात.

दोनला पाच कमी होते. दोन हजार तीनशे अकराच्या अकरा फाइली सगळ्या पोचल्या होत्या, आकडा जुळला होता. "काकी, झालं बरं का," मी हाक मारली. "सगळं आलं."

त्या दारात आल्या. "हेसुद्धा?"

"काकांचं सगळं काम आलंय."

"काम नाय विचारलं मी."

मी उत्तर देणार, तेवढ्यात जुन्या स्क्रीनवर रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडला. मी हात लावला नव्हता. माउस दूर होता. एक काळी पट्टी, तिच्यात मधोमध हिरवी सरळ रेघ, आणि कोपऱ्यात लाल ठिपका. रेकॉर्डिंग सुरू.

माझं डोकं तेव्हा चांगलं चालत होतं. म्हटलं, वेळ लावून ठेवली असणार त्यांनी, रोज दोनला आपोआप सुरू व्हायचं. शोधलं. तसं काही लावलेलं नव्हतं. माइक कुठे आहे? खिळ्याला, वायरीला रबर लावलेला. त्याची पिन माझ्या डोळ्यांसमोर मोकळी लटकत होती.

आणि खोलीत अंधार व्हायला लागला. टॉवरच्या पाठी सूर्य गेला की त्या घरात अडीचच्या आत संध्याकाळ होते, काकींनी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. उजेड एकदम जात नाही. आधी टेबलाचा पाय दिसेनासा होतो, मग खुर्चीची बैठक, मग भिंत. बाहेर केळीच्या पानांवर ऊन असतं आणि आत दिवेलागण. वास आला, तो खाजणाच्या चिखलाचा. ओहोटीला उघड्या पडलेल्या, खारट, जड चिखलाचा. पार्किंगच्या सिमेंटखाली गेलेला चिखल.

मी काकींकडे बघितलं. त्या उंबऱ्यावरच उभ्या होत्या.

हिरवी रेघ हलली. छोटासा उंचवटा, आणि पुन्हा सरळ.

खोलीत काहीही ऐकू आलं नाही. फॅनची घरघर, डिस्कची टकटक, बस्स. पण मी आल्यापासून वीस रेकॉर्डिंगं ऐकली होती. तो छोटा उंचवटा मला ओळखता येत होता... "नाव?" असाच दिसतो.

मग रेघ सरळच राहिली. बराच वेळ. कोणीतरी उत्तर देत नव्हतं.

डिस्क एकदम जोरात वाजू लागली. टक् टक् टक् टक्. इतकी की कॅबिनेटचा पत्रा थरथरला. मी नव्या फाइलची नक्कल काढायचा प्रयत्न केला. स्क्रीनवर ओळ आली: ही फाइल उघडी आहे, आत्ता घेता येणार नाही. बरोबरच होतं. बोलणं संपल्याशिवाय फाइल मिटत नाही.

आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. बाकी सगळं सुरक्षित होतं. मशीन बंद करायचं, ही एक फाइल सोडून द्यायची आणि उन्हात जायचं. नाहीतर थांबायचं. डिस्क पाच मिनिटं टिकेल की दहा, देव जाणे.

माझा हात बटणाकडे गेलाही होता. काकींनी मनगट धरलं. त्यांचा हात गार होता, माझाही असेल.

"नको. बोलतंय कोनतरी."

"काकी, काय आहे ते..."

"त्याला मधेच तोडू नको, बाय. किती लांबनं आलं असेल."

आणि मी थांबले. उघडी फाइल कधी ओढायची नाही, हे मी एकोणीस वर्षं लोकांना शिकवत आले होते. मी फॅन उचलून डिस्कच्या अगदी तोंडाशी धरला. हात दुखेपर्यंत धरला. प्लास्टिकची खुर्ची माझ्यापासून दीड हातावर होती. तिची बैठक मधोमध खाली दबलेली होती. आधीपासूनच तशी होती का? मी बघितलं नव्हतं. तेव्हाही दुसऱ्यांदा बघितलं नाही.

रेघ हलली. बारीक, लांब, थरथरत. मग छोटा उंचवटा. मग उत्तर. मग तिसरा प्रश्न. आणि मग पुन्हा बराच वेळ काही नाही. मी मनात म्हणत होते, सांग बाई, सांग, जे काय आहे ते सांग, ही डिस्क जातेय.

दोनदा, पाठोपाठ, एकसारखे दोन उंचवटे उठले. लाल ठिपका विझला. फाइल मिटली.

मी ती ओढली. चार सेकंदांत नव्या मशीनवर आली. दोन हजार तीनशे बारा. त्यानंतर डिस्क एकदाच टक् वाजली आणि बंद पडली. स्क्रीन निळा झाला, मग काळा. ती डिस्क पुन्हा कधी फिरली नाही. मी नंतर सगळे उपाय करून बघितले.

खोलीतला दिवा लावला. चिखलाचा वास गेला होता.

"लाव," काकी म्हणाल्या.

"मी बाहेर थांबते. तुम्ही ऐका."

"नाय. तूच लाव. तू थांबलीस."

त्या हरेश्वरांच्या खुर्चीत बसल्या. मी नव्या मशीनवर फाइल लावली.

"नाव?" हरेश्वरांचा आवाज. रोजचाच.

शांतता. त्यात अगदी दूरवर फॅनची घरघर होती, माझ्याच हातातल्या. मग एका बाईचा आवाज आला. म्हातारीचा नव्हे, पन्नाशीच्या आतल्या बाईचा. बोलायची सवय नसल्यासारखा.

"नाव... नाय ठेवलेलं."

काकींच्या तोंडून एक आवाज निघाला, त्याला शब्द नव्हता.

"गाव?"

"हिथंच. बांधाच्या बुडाला."

"शब्द?"

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग ती म्हणाली, "आय." आणि पुन्हा एकदा, "आय."

फाइल संपली.

काकी रडल्या नाहीत. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून बसल्या. मग हळूहळू सांगितलं. दिपिकाच्या आधी एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांची होऊन गेली. बारावं उजाडलंच नाही, म्हणून नाव ठेवलं गेलं नाही. लहान मुलाला पुरतात, तसं खाजणाच्या बांधाच्या पायथ्याशी पुरलं. नंतर घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं, आणि काढायला नाव नव्हतंच. दिपिकालाही कुणी सांगितलेलं नाही.

"सत्तेचालीस वर्षांची झाली असती," काकी म्हणाल्या. "आवाज तसाच हाय ना गं?"

मी हो म्हटलं. तसाच होता.

त्या वाकल्या. त्या चौकोनी रुपेरी डब्यावर ओठ टेकवावेत इतक्या जवळ गेल्या आणि काहीतरी कुजबुजल्या. नाव असणार. मला ऐकू आलं नाही, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मॅक मिनीला माइक नसतो, हे सांगायची ती वेळ नव्हती.

निघताना मी त्यांना सांगितलं, "काकी, काळजी करू नका. सगळं नव्यात आलंय." आणि तेव्हा माझा त्यावर विश्वास होता.

पुढचे तीन दिवस त्यांचा रोज सव्वाचारला फोन. "आज कोन आलं नाय, बाय." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नुसतंच, "नाय." मला वाईट वाटत होतं, आणि थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं. म्हटलं, फाइली आल्या, माणसं त्या जुन्या डिस्कबरोबर राहिली. एका परीने बरं झालं. नाव नसलेली ती तेवढी शेवटची गाडी पकडून आली.

चौथ्या दिवशी घर हललं. काकींना घेऊन दिपिका कारने पुढे गेल्या. सामान टेम्पोत, टेम्पो त्यांचा चुलतभाऊ भूपेश चालवत होता, एकटाच. मॅक मिनी त्याच्या मूळ खोक्यात, खोकं चादरींच्या बोचक्यात, बोचकं कपाटाच्या आत. कुठे वायर नाही, वीज नाही.

संध्याकाळी दिपिकांचा फोन आला. आवाज उतरलेला. "ज्ञानदा, आईने हट्ट केला म्हणून आल्याआल्या मशीन लावलं. त्यात एक फाइल जास्त आहे. दोन हजार तीनशे तेरा. आईला मी अजून ऐकवली नाही. तुम्हाला पाठवू?"

"वेळ काय आहे तिच्यावर?"

"आज सकाळी अकरा वीस. तेव्हा... तेव्हा ते खोक्यात होतं ना?"

मी त्या फाइलची वाट बघत याच खुर्चीत बसले होते. आली. हेडफोन लावले.

आधी टेम्पोचं इंजिन. चढावर असतं तसं, पहिल्या गिअरमधलं. भांड्यांचा खुळखुळाट, कपाटाचं दार हलतंय. घाट असावा. मग त्या सगळ्याच्या मधून, अगदी जवळून, हरेश्वर.

"नाव?"

मला खरंच बरं वाटलं. आले होते. माझा शब्द खोटा पडला नव्हता.

उत्तर देणारा पुरुष होता. नाव त्याने सांगितलंच नाही. पुढचा प्रश्न.

"गाव?"

"हेच."

"शब्द?"

"थांबा," तो म्हणाला. आणि लगेच पुन्हा, "थांबा."

त्याच क्षणी ब्रेक लागल्याचा आवाज आहे. टायर किंचाळतात, भांडी कोसळतात. मी भूपेशला नंतर विचारलं. तो म्हणाला, हो, घाटात कुणीतरी 'थांबा' म्हणून हाक मारली असं वाटलं, म्हणून पाय दाबला. उतरून बघितलं नाही, मागे ट्रक होता, लगेच निघालो. टेम्पोचं मागचं दार उघडलं होतंस का, विचारलं. तो चिडलाच. बाहेरून कुलूप होतं, म्हणाला, पुण्यात पोचल्यावर दिपीच्या समोर काढलं.

फाइलमध्ये ते दार उघडतं. कडी सरकल्याचा आवाज, बिजागरीचा आवाज. मग पत्र्यावर पावलं. एक, दोन, मग मोजता येत नाहीत इतकी. अनवाणी, काही बुटांची, एक काहीतरी ओढत चाललेलं. दार लागतं. टेम्पो निघतो.

आणि मग हरेश्वर बोलतात. दोन हजार तीनशे बारा फाइलींमध्ये ज्याने तीन प्रश्नांपलीकडे एक अक्षर उच्चारलं नव्हतं, तो माणूस. आवाज टेलिफोनवाल्याचा राहिलेला नाही. घाईत, हळू, पाठीमागे सरकत बोलावं तसा.

"किती जन हाव तुमी?"

त्याला कोणी उत्तर देत नाही. पण फाइल तिथे संपत नाही. पुढे दोन तास आहे, थेट पुण्यापर्यंत, आणि शेवटी दिपिकांच्या बिल्डिंगची लिफ्ट वर जाताना ऐकू येते. वजन जास्त झाल्यावर वाजते ती घंटा वाजत असते. दिपिका म्हणतात, लिफ्टमध्ये तेव्हा फक्त त्या होत्या, आणि हातात ते बोचकं.